जमिनीखालची तर्री

“हे मामा राहतात कुठे? आधी त्यांची परवानगी घ्यावी लागेल.”

हे वाक्य मी भर ग्रामसभेत, उभा राहून, हातात नकाशा धरून, चांगल्या खणखणीत आवाजात उच्चारलं. नकाशावर गावाच्या एका अंगाला निळ्या रंगात तलाव दाखवला होता आणि त्यावर छापलं होतं ‘मामा तलाव’. मी मूळचा नाशिककडचा. आमच्याकडे पाण्याला मालक असतो आणि त्याला न विचारता काठावर साधी खुंटी ठोकली तरी तो कोर्टात जातो. मला वाटलं, हे कुणीतरी गावातले वजनदार मामा असणार. सभेला आलेले दिसत नाहीत, म्हणजे नक्कीच रुसलेले असणार.

आधी मागून कुणीतरी खुसखुसलं. आणि मग अख्खं समाजमंदिर असं हसलं की पत्र्यावरची कबुतरं उडाली. सरपंच दिवाकरभाऊ डोळे पुसत म्हणाले, “साहेब, मामा म्हंजे माजी मालगुजारी. मा अन् मा. मालगुजार म्हंजे जुने जमीनदार, ते गेले, तलाव रायले. आमच्या झाडीपट्टीत गावोगावी हाय असे मामा.”

तेवढ्यात बायकांच्या बाजूनं आवाज आला, “हासू नका वं. बिचारा मामाले शोधत एवढ्या दूर आला. भाचा असन त्याचा!”

झालं. त्या दिवसापासून त्या गावात मला साहेब म्हणणारं कुणी उरलं नाही. माझी जीप दिसली की हाळी उठायची, “भाचा आला, भाचा आला!”

घरी येऊन हे बायकोला सांगितलं. सुनंदा उमरेडची. शाळेत शिकवते, त्यामुळे चूक दिसली की तिला वेगळाच उत्साह येतो. ती म्हणाली, “मामा तलाव आमच्या चौथीच्या पुस्तकात होता. तुमच्या नाशकात काय फक्त द्राक्षंच शिकवत होते का?”

तर असा मी. माझा धंदा काय, हे माझ्या सासऱ्यांना अजून नीट उमजलेलं नाही. पाहुण्यांना ते सांगतात, “आमचे जावई माती धुतात.” आणि खरं म्हणजे ही व्याख्या आमच्या कंपनीच्या माहितीपत्रकापेक्षा बरी आहे. जमिनीत तेल, रसायन, काहीबाही मुरलं की आम्हाला बोलावतात. आम्ही जमीन भोसकून बघतो, घाण कुठवर गेली ते शोधतो आणि माती नि तिच्या पोटातलं पाणी पुन्हा माणसांत आणतो.

बल्लारपूरहून पोंभुर्ण्याकडे जाताना जंगलाच्या कडेला लष्कराचा एक जुना डेपो होता. नावगाव उघड करायची मला मुभा नाही, म्हणून शेजारच्या गावाला आपण सावरटोला म्हणू. डेपोत जमिनीखाली डिझेलच्या लोखंडी टाक्या पुरलेल्या. लोखंडाला निवृत्तीचं वय कुणी लिहून दिलेलं नव्हतं. ते आतल्या आत गंजलं आणि थेंबथेंब डिझेल मुरमात उतरत राहिलं. वरून काही दिसेना. गवत हिरवंगार, रंगवलेले दगड एका रांगेत. आणि एक दिवस कुंपणापलीकडच्या विहिरीच्या पाण्यावर सप्तरंगी पडदा तरंगायला लागला.

हे कसं होतं ते सांगायला मला वऱ्हाडी रश्श्याइतका चांगला दाखला सापडलेला नाही. डिझेल पाण्याहून हलकं. ते खाली झिरपतं, भूजलापर्यंत पोचतं आणि त्यात न मिसळता वर पसरतं, रश्श्यावर तेलाची लाल तर्री पसरते तसं. त्यातला थोडासा अंश पाण्यात विरघळतो, आणि तेवढा अंश पाणी वाया घालवायला पुरतो. वरून आपण चालतो-बोलतो, शेती करतो आणि खाली अंधारात ही तर्री हळूहळू उताराच्या दिशेनं सरकत असते. तिचा उतार सावरटोल्याकडे होता. उताराच्या तोंडावर पहिलीच विहीर गिरजाबाईची.

गिरजाबाई म्हणजे ग्रामसभेत मला मामाचा भाचा ठरवणारी तीच. साठीच्या आसपासची, काटक, नऊवारीचा काष्टा घट्ट आवळलेला. पहिल्या भेटीत तिनं मला अंगणातल्या विहिरीपाशी नेलं. विहिरीवर पत्र्याचं झाकण आणि झाकणाला कुलूप.

“माणसाले कुलपात ठेवतेत तं समजते भाऊ,” ती म्हणाली, “पाण्याले ठेवलेलं पाह्यलं होतं काय तुनं?”

विहीर तिनं आणि तिच्या नवऱ्यानं मिळून खोदलेली. तो खाली पहार मारायचा, ही वर टोपली ओढायची. “मालक गेला, विहीर रायली,” ती म्हणाली. अख्खी वस्ती या पाण्यावर. सकाळ-संध्याकाळ अंगणात गुंडांचा, म्हणजे पितळी घागरींचा, खणखणाट, बायकांच्या गप्पा, भांडणं, सोयरिकी सगळं इथंच ठरायचं. आता रस्त्यावर टँकर येत होता आणि गिरजाबाईच्या अंगणात कुणी येत नव्हतं. तिला टँकरचं पाणी मिळत होतं. माणसं मिळत नव्हती.

आणि पंचायतीत ठरत होतं की विहीर बुजवायची. सरपंच वाईट माणूस नव्हता. एक वासरू त्या पाण्यानं आजारी पडलं होतं आणि लेकरांचं काही झालं तर जाब त्यालाच द्यायचा होता. नळयोजना येणारच होती. त्यानं मला सरळ सांगितलं, “भाचेभाऊ, पोळ्यापर्यंत पाहा. साफ झाली तं झाली. नाई तं मुरूम टाकून मोकळे होऊ.”

तर सगळा मामला एवढाच होता. एका बाईची विहीर राहते की जाते. कंपनीच्या भाषेत त्याला काहीतरी लांबलचक नाव होतं.

कामाला लागलो. आमच्या धंद्यातली पहिली गंमत अशी की आधी शत्रू सापडावा लागतो. डेपोच्या बाजूनं आमच्याशी बोलायला नेमलेले सुभेदार बलवीरसिंग यांना हा शब्द फार आवडला. रोज सकाळी कडक इस्त्रीत ते येत आणि विचारत, “हां जी, दुश्मन की पोजीशन?” मी म्हणायचो, अजून शोधतोय. ते मान हलवत, “दुश्मन जमीन के नीचे हो तो बहुत खतरनाक होता है.” त्यांनी नकाशावर लाल टाचण्या लावायला घेतल्या. जिथं डिझेल लागलं तिथं टाचणी. नकाशा गोवर आल्यासारखा दिसायला लागला.

बोअर मारायला बल्लारपूरचे रफीकभाई. आयुष्यभर त्यांनी पाण्यासाठी जमीन फोडलेली. पहिल्याच दिवशी बोअरमधून काढलेल्या मातीच्या नमुन्याला वास मोजायचं यंत्र लावलं आणि काटा सर्रकन वर गेला. मी आनंदानं ओरडलो, “लागलं! लागलं!” रफीकभाईंनी कपाळावर हात मारला.

“साहेब, पाणी लागलं का लोक नारळ फोडतेत. अन् तुम्ही डिझेल लागलं म्हणून नाचून राह्यले! मेरी तो जिंदगी उलटी हो गई.”

पण खरं सांगतो, त्या आनंदाला तोड नाही. नुसत्या अंदाजानं जमिनीवर चुन्याचा ठिपका मारायचा, तिथंच भोक पाडायचं, आणि खाली खोलवर तर्री सापडावी! वास कसला तो, पण त्या क्षणी अत्तर.

वासावरून आठवलं. यंत्र यासाठी की आमच्या लोकांचं नाक पहिल्या महिन्यातच राजीनामा देतं. डिझेलच्या वासात दिवसभर वावरलं की नाकाला तो वास हवेसारखा होतो. माझं नाक केव्हाच गेलं. घरात दूध नासलं तरी मला कळत नाही. पण निसर्ग भरपाई करतो म्हणतात, त्यानं मला सुनंदा दिली. मी जिन्यात असतानाच आतून आवाज यायचा, “आज खड्ड्यात उतरला होता ना? शर्ट बाहेरच काढा!” आज माती काढली की पाणी उपसलं, हेही ती शर्टावरून सांगायची. मी ही कौतुकं साइटवर रंगवून सांगायचो. गिरजाबाई ऐकायची आणि म्हणायची, “भाचसून मोठी तिखट नाकाची हाय म्हणजे.” हे तिनं मनात जपून ठेवलंय, हे मला तेव्हा माहीत नव्हतं.

गंजलेल्या टाक्या उकरून काढल्या. डेपोच्या खालच्या अंगाला, गावाच्या बाजूनं एक खोल चर खणला. हेतू असा की सरकत येणारी तर्री चरात उतरावी, आणि पंपानं ती वरच्या वर काढून घ्यावी. तेलकट मातीचे मोठाले ढीग रचले. त्यात शेण, युरिया, धानाचं तूस मिसळलं, पाणी शिंपडलं. मातीतच असे जिवाणू असतात की त्यांना डिझेल म्हणजे पुरणपोळी. फक्त त्यांना हवा, ओल आणि थोडं खत लागतं. गावातले मजूर ढीग वरखाली करत विचारायचे, “एवढं खत-पाणी करून राह्यलो, पेरणार काय हिच्यात?”

ढीग फावड्यानं उलटत राहणं हे कंटाळवाणं काम. एका सकाळी येऊन बघतो तर सगळे ढीग विस्कटलेले, उकरलेले. रानडुकरांचा कळप रात्री शेणाच्या वासानं आला होता आणि त्यांनी मनसोक्त नांगरणी केली होती. मी डोक्याला हात लावला. पण नमुना तपासला तर त्या ढिगातलं तेल बाकीच्यांपेक्षा भराभर कमी होत होतं! मातीत हवा खेळवण्याचं जे काम आमची माणसं अर्ध्या मनानं करत होती ते डुकरांनी मन लावून केलं होतं. सुभेदारसाहेबांनी विचारलं, “इनको मज़दूरी देनी है क्या?”

उन्हाळा आला. भूजल खाली गेलं, विहिरीचं पाणी तळाशी गेलं, आणि वासही गेला. गाव खूश. सुभेदारसाहेब टाचण्या काढायला निघाले. “थांबा,” मी म्हटलं. आमच्या धंद्यात उन्हाळ्यातल्या यशावर विश्वास ठेवायचा नसतो. पाणी खाली जातं तेव्हा तर्रीही त्याच्याबरोबर खाली जाते आणि मातीला चिकटून बसते. पाऊस पडून पाणी वर चढलं की ती माती धुतली जाते आणि तर्री पुन्हा तरंगते. पण हे ऐकायला कुणाला वेळ नव्हता. मला अपशकुनी भाचा अशी पदवीही मिळाली.

पाऊस लागला. पाणी चढलं. एका सकाळी गिरजाबाईनं झाकण उघडलं आणि पाण्यावर पुन्हा सप्तरंग.

पोळा आला, बैल सजले, मिरवले, आणि पाडव्याला इडापिडेचा पुतळा गावाबाहेर नेतानाची ‘घेऊन जा गे मारबत’ अशी आरडाओरड संपली तशी गिरजाबाईच्या दाराशी मुरमाची ट्रॉली येऊन उभी राहिली. मी धावतपळत पोचलो. सरपंच खाली मान घालून उभे. आणि गिरजाबाई? विहिरीच्या कठड्यावर मांडी ठोकून बसलेली, मांडीवर सूप, सुपात लाखोळीची डाळ. शांतपणे खडे निवडत होती.

“बाई, उठ ना,” सरपंच म्हणाले.

“उठतो ना. एवढी लाखोळी निवडून झाली का उठतो. मंग टाका मुरूम.”

“किती हाय?”

“पोतंभर.”

ट्रॅक्टरवाला खाली उतरला, बिडी पेटवली. तासाभरानं त्यानं चहा घेतला. दुपारी शेजारच्यांनी त्याला जेवायला वाढलं. गिरजाबाई एकेक दाणा असा निरखत होती की जणू त्याची कुंडली बघते आहे. ऊन कलायला लागलं तसा ट्रॅक्टरवाला चुळबुळायला लागला. त्याचं गाव जंगलापलीकडे, आणि त्या रस्त्याला सांज झाल्यावर कुणी ट्रॅक्टर घालत नाही. वाघ काही ट्रॉलीतला माल विचारून अंगावर येत नाही.

“उद्या येतो बाप्पा,” म्हणत तो गेला.

“या,” गिरजाबाई म्हणाली. “अजून एक पोतं हाय.”

मग मान वर न करता माझ्याकडे वळून म्हणाली, “भाच्या, दोन पोती लाखोळी हाय माह्या घरी. त्याच्या पुढं मले काई करता येत नाई. तुले काई करता येते का पाह्य.”

त्या संध्याकाळी मी चंद्रपूरला घरी आलो तो डोकं फुटायची वेळ. सुनंदानं मटण केलं होतं. मला तिकडचं तिखट अजून झेपत नाही, आणि तिला ते कमी करणं झेपत नाही. त्यावर आमचा जुना तह आहे. ती माझं ताट हातात घेते, एका बाजूनं उचलून तिरकं करते, तर्री सगळी दुसऱ्या काठाला गोळा होते, आणि तिथून चमच्यानं उचलून ती आपल्या ताटात घेते. लग्न झाल्यापासून हे शेकडो वेळा झालं असेल. त्या दिवशी मी घास हातात धरून नुसता बघत राहिलो.

“काय झालं? माशी पडली का?” तिनं विचारलं.

“पुन्हा कर,” मी म्हटलं.

“काय पुन्हा करू?”

“ताट तिरकं कर. पुन्हा!”

तिनं माझ्या कपाळाला हात लावून ताप बघितला. पण ताट तिरकं केलं. तर्री सरकली. मी खुर्चीवरून उठलोच! आमचा चर चमच्याचं काम करत होता, पण तर्री चमच्याकडे येत नव्हती. एक बाजू खाली होती, पण दुसरी बाजू उचलणारा हात नव्हता. आणि तो हात तर पहिल्या दिवसापासून नकाशात निळ्या शाईत छापलेला होता. मामा!

तलाव गावाच्या एका अंगाला, डेपो दुसऱ्या अंगाला, मध्ये खळग्यात विहीर. तलाव तुडुंब भरून राहिला तर त्याचं पाणी झिरपून जमिनीखालची पातळी त्या बाजूनं वर उचलेल. म्हणजे ताटाचा काठ उचलला जाईल. डेपोकडून पंप लावून दुसरा काठ खाली ओढायचा. मग विहिरीखालची तर्री गावाकडे सरकण्याऐवजी उलटी फिरेल आणि आमच्या चरात येऊन पडेल. पण तलाव टिकतच नव्हता. त्याचं पाणी सोडायचं भोक, ज्याला तिकडं तुडूम म्हणतात, ते कित्येक वर्षांपासून फुटलेलं. भर पावसात भरलेला तलाव दिवाळीपर्यंत नाल्यानं पळून जायचा.

सकाळी उजाडताच मी सुभेदारसाहेबांच्या पुढ्यात नकाशा पसरला. ते ऐकत गेले तशा त्यांच्या मिशा फुलत गेल्या.

“मतलब इधर से तालाब धक्का देगा, उधर से हमारा पंप खींचेगा?”

“हो साहेब.”

“दुश्मन को दोनों तरफ से घेरना है!” त्यांनी टेबलावर थाप मारली. “इतने दिन से आप मुझे मिट्टी-पानी समझा रहे थे. ये पहले बोलना था!”

दुपारपर्यंत डेपोतून वाळूच्या पोत्यांनी भरलेला ट्रक तलावाच्या बांधावर, म्हणजे पाळीवर, हजर. सरपंचांनी ट्रॅक्टरवाल्याला पाहिलं, ट्रॉलीतल्या मुरमाकडे पाहिलं आणि मला विचारलं, “तुडूम दुरुस्त झालं तं धानालेही पाणी पुरन ना? कापणीपर्यंत?”

“पुरेल. आता वाया जातं तेच राहील.”

“मंग हा मुरूम तिकडंच न्या रे पाळीवर!”

अशी ती विहिरीसाठी आलेली ट्रॉली तलावाकडे वळली. जवान आणि गावकरी एका रांगेत, पोतं या हातातून त्या हातात. रफीकभाई छातीभर पाण्यात उतरून भोकाला लोखंडी झडप बसवत होते आणि ओरडत होते, “जिंदगीभर पाणी काढलं, आज पयल्यांदा थांबवून राह्यलो!” मी मदत करायला म्हणून पाळीवरून उतरलो, घसरलो आणि बसूनच थेट तलावात गेलो. वरून गिरजाबाईचा आवाज आला, “भेटला गा भाच्याले मामा!”

मग वाट बघणं. आमच्या कामात हाच भाग जीवघेणा. बोअरमध्ये फीत सोडून पाण्याची पातळी मोजायची, लिहायची, परत मोजायची. तलाव थांबला, भरत गेला. तलावाकडच्या बोअरमधलं पाणी बोटबोट वर. मधल्या बोअरमध्ये काहीच नाही. मी सकाळी मोजायचो, चहा पिऊन मोजायचो, उगाच मोजायचो. आणि एका दुपारी मधल्या बोअरची पातळी चरापेक्षा वर आलेली दिसली. आकडा चुकला असेल म्हणून पुन्हा मोजलं. रफीकभाईंना मोजायला लावलं. सुभेदारसाहेबांना लावलं. ताट तिरकं झालं होतं!

थोड्याच दिवसांत चरातला पंप खोकल्यासारखा आवाज करायला लागला आणि पाइपातून पाण्याऐवजी काळपट डिझेल भळभळ यायला लागलं. वर्षभर आम्ही जे चमच्या-चमच्यानं मिळवत होतो ते आता पिंपानं येत होतं. रफीकभाई नाचत होते. मी म्हटलं, “आता कसं? तेव्हा मला हसत होता!”

“साहेब,” ते म्हणाले, “आता नारळ आणतो.”

विहीर त्या दिवाळीला साफ झाली असं मी म्हणणार नाही. तर्री गेली तरी विरघळलेला अंश रेंगाळतो. मधला उन्हाळा गेला, पुढचा पावसाळा गेला. मामा भरला, थांबला. विहीर उपसायची, भरू द्यायची, नमुना पाठवायचा, हे चालूच. पावसानंतरचे नमुनेही एकामागून एक स्वच्छ आले तेव्हा मी प्रयोगशाळेचा अहवाल घेऊन ग्रामसभेत उभा राहिलो. पाणी पिण्यालायक.

टाळ्या नाहीत. सगळे गिरजाबाईकडे बघायला लागले.

ती म्हणाली, “कागद तं आम्ही पित नाई, भाऊ.”

“मी पितो ना सगळ्यांसमोर!”

“तू पेशीन. भाच्याचा मान पयला, थो तुले देऊ. पर तुह्या नाकात तं डिझेलच रायते. तुले काय समजते? भाचसुनेले आण. थिचं नाक तिखट हाय म्हणत होता ना? थिनं वास घेऊन बरं म्हटलं, का माह्या अंगणात पुन्हा गुंड वाजतीन. नाई तं तुहा कागद अन् माहं कुलूप.”

साऱ्या बायकांनी माना डोलावल्या. प्रयोगशाळा, यंत्रं, दोन पावसाळ्यांची मेहनत, आणि शेवटचा निकाल सुनंदाच्या नाकावर!

रविवारी तिला घेऊन निघालो. मी रस्ताभर बोलत होतो, ती गप्प होती. थर्मासमधून आल्याचा चहा घोट घोट पीत होती. मला वाटलं, बाई जबाबदारीनं गंभीर झाली आहे. मीही तिला वास कसा घ्यायचा यावर सूचना दिल्या.

अंगण भरलं होतं. सुभेदारसाहेब गणवेशात. रफीकभाई नवा शर्ट घालून. कुलूप काढलं होतं, पत्रा बाजूला भिंतीला टेकवला होता. गिरजाबाईनं स्वतः दोर सोडला, बादली ओढली, तांब्या भरला आणि आधी मला दिला. मी एका दमात तो रिकामा केला. गार, किंचित मचूळ, सुंदर पाणी.

मग तांब्या सुनंदाकडे गेला. तिनं तो नाकाशी नेला. आणि तशीच थांबली. कुठं कोंबडं आरवलं तर सरपंचांनी त्याच्याकडे डोळे वटारून बघितलं. गिरजाबाईनं दोर हातात घट्ट धरला होता. सुनंदानं तांब्या तोंडाला लावला, प्यायली, सगळा प्यायली. पदरानं ओठ पुसले आणि रिकामा तांब्या पुढं करून म्हणाली, “मामी, अजून द्या.”

मामी! त्या एका शब्दानं गिरजाबाईच्या हातातला दोर सुटला. ती रडत होती की हसत होती कळलं नाही, कारण पुढच्या क्षणी ती खाली वाकली आणि माझ्या पायांना हात लावला. तिकडं भाच्याच्या पाया पडतात हे मी ऐकलं होतं, पण माझ्याहून मोठी बाई वाकलेली पाहून मी उडी मारून मागं सरलो आणि बादलीत पाय घातला. मागून बायकांच्या गुंडांचा खणखणाट सुरू झाला. रांग लागली. भांडणही लागलं, पहिला गुंड कुणाचा यावर. गिरजाबाईनं डोळे पुसले आणि त्या भांडणात पडली.

परत निघालो तेव्हा ऊन उतरत होतं. मी ओल्या बुटानं गाडी चालवत होतो आणि पोटात आनंद मावत नव्हता. बरंच अंतर गेल्यावर न राहवून विचारलं, “खरं सांग, वास नव्हता ना? अगदी पुसटही?”

“मला काय माहीत?” सुनंदा म्हणाली. आता मला पहिल्यांदा जाणवलं, तिचा आवाज बसलेला होता. “परवापासून सर्दीनं नाक चोंदलंय माझं. तुमच्या लक्षात तरी आलं का?”

मी गाडी बाजूला घेऊन थांबवली. “मग एवढा वेळ तांब्या नाकाशी धरून काय करत होतीस?”

“तुमच्याकडे पाहत होते,” ती म्हणाली. “घरी दुधाचा जरा संशय आला तर तुम्ही आधी मला वास घ्यायला लावता, मग मांजरीला पाजून पाहता, अन् मगच चहा टाकता. असा माणूस कोणाकडे न पाहता अख्खा तांब्या घटाघटा पिऊन गेला. मंग मले नाकाची काय गरज?”